गुरुजींसाठी एक मिनिट

सत्कार हा प्रकार मला आता डोळ्यांसमोर नको होतो. ती प्लॅस्टिकच्या पिशवीतली शाल, जी कुणी कधी अंगावर घेत नाही आणि पुढच्या सत्काराला दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. तो नारळ. ते फेटे, आणि फेटा बांधून घेताना मान ताठ करून बसणारी माणसं. ‘फक्त दोन शब्द’ म्हणून माईक धरलेला माणूस पाऊण तास हटत नाही, आणि खाली बसलेल्यांचं सगळं लक्ष बटाटेवड्यांच्या वासाकडे. शी! पूर्वी अशा कार्यक्रमांत मीही पेटी घेऊन बसायचे, हौसेनं बसायचे. आता कंपनीची बस चिंचवडच्या त्या नाट्यगृहावरून जाते तेव्हा मी तोंड दुसऱ्या खिडकीकडे करते.

लोक म्हणतात, बाईला शिष्टपणा आलाय. येऊ दे. झालं काय ते मी आजवर चारचौघांत सांगितलं नव्हतं. आता पप्पांना विचारून लिहितेय. ते म्हणाले, ‘लिही, पण माझं नाव नको.’ त्यांचं नाही तर मग कुणाचंच नको.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांचे बारीकसारीक पार्ट येतात, ते तपासायचे, चांगले पुढे सोडायचे, वाईट लाल क्रेटमध्ये टाकायचे. वीस-बावीस वर्षं हेच चाललंय. लग्न केलं नाही. आई गेली, आता पिंपरीतल्या घरात मी आणि पप्पा, दोघंच. आणि एक पेटी.

पेटी मला पप्पांनी शिकवली. किती सोपं वाक्य आहे बघा. हे एवढं वाक्य वेळेवर लिहिता आलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

पप्पा सोलापूरकडून कामाला म्हणून इकडे आले आणि एका कारखान्यात प्रेसशॉपला लागले. पत्रा ठोकून आकार देणारी ती मशीन दोन बटणं एकदम दाबली तरच खाली येते, म्हणजे माणसाचे दोन्ही हात आपोआप बाहेर राहतात. पण माल जास्त निघावा म्हणून एक बटण काडी खोचून कायमचं दाबून ठेवायची तिथं पद्धत होती. सगळ्यांना ठाऊक होतं, साहेबालासुद्धा. एका दुपारी पप्पांच्या उजव्या हाताचं एक बोट मुळापासून गेलं. करंगळीशेजारचं, अनामिका. मी तेव्हा जन्मलेही नव्हते.

आमच्या वस्तीत भीमगीतांची पार्टी होती आणि पप्पा तिच्यात पेटीवर असायचे. सगळे म्हणाले, संपलं आता याचं. पप्पांनी तीन-चार महिन्यांत चार बोटांवर पेटी बसवली. मधल्या बोटावरून थेट करंगळीवर उडी. त्या उडीत सूर लागायच्या आधी केसभर थांबतो आणि मग झोका घेतल्यासारखा येतो. कुणी बोटाबद्दल हळहळलं की पप्पा म्हणायचे, ‘बरं झालं, अंगठी घालायची कटकट गेली.’ मी त्यांच्या मांडीशी बसून बघून बघून शिकले. पोरं आईबापाची चाल उचलतात तशी मी ती उडी उचलली. माझी पाचही बोटं धड आहेत, पण पेटीवर माझी अनामिका कामाला लागत नाही. नुसती वर उभी असते, लग्नातल्या रुसलेल्या आत्यासारखी.

आता त्या पत्रांचं सांगते.

सात-आठ वर्षांपूर्वी टीव्हीवर एका फार मोठ्या संगीतकारांच्या जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होता. अख्ख्या महाराष्ट्राला त्यांच्या चाली पाठ आहेत, म्हणून ओळख सांगत बसत नाही. त्यातल्या एका गाण्यात अंतऱ्याच्या आधी पेटीवर एक कोमल निषाद येतो. टीव्हीवरच्या वादकानं तो खाऊन टाकला. माझं डोकंच फिरलं. मी तिरीमिरीत थेट संगीतकारांना पत्र लिहिलं, की तुमचा निषाद चोरीला गेलाय आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या कसल्या वाजवता? पत्ता माझ्या ओळखीच्या एका गायिकेनं दिला. उत्तर येईल असं स्वप्नातही नव्हतं. आठवड्यात आलं. निळ्या शाईत, थरथरत्या पण देखण्या अक्षरात. ‘बाई, तो निषाद आजवर कुणी विचारला नव्हता. त्या दिवशी मलाही दुखलं, पण मी भेकड आहे, म्हणून टाळ्या वाजवल्या. तुम्ही पेटी वाजवता हे उघड आहे. शिकलात कुणाकडे? तालीम कुठल्या घराण्याची? आणि तुम्ही मूळ कुठल्या?’

हे ‘मूळ कुठल्या’ आपल्याकडे कशासाठी विचारतात ते मला नीट माहीत आहे. त्यांनी सहज विचारलंही असेल. पण त्याआधी वर्षभर मी चिंचवडला एका गाण्याच्या क्लासात साथीला जात होते. पहिल्या दिवशी तिथल्या बाईंनी माझं आडनाव विचारून घेतलं, मग गाव विचारून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना कपबशीत चहा आणि मला कागदी कपात. बोलायला मात्र तोंडात साखर! तो कागदी कप माझ्या डोक्यात अजून तसाच आहे.

तर तो कप डोक्यात घेऊन मी उत्तराला बसले. लिहिलं, ‘चिंचवडला एक गुरुजी होते. प्रसिद्धीपासून लांब राहायचे. त्यांच्याकडे दहा वर्षं शिकले. आता ते हयात नाहीत.’

मारायची काय गरज होती? मीच मला विचारते. पण जिवंत ठेवले असते तर त्यांनी पत्ता मागितला असता, नाव मागितलं असतं. मेलेल्या माणसाला कुणी भेटायला जात नाही. असा सगळा शहाणा हिशेब करून मी पाकीट चिकटवलं. मी हे लिहीत होते तेव्हा पप्पा मोरीत माझा कंपनीचा डबा घासत होते.

पण मैत्री खरी झाली, हे सांगायलाच हवं. नाही तर तुम्हाला वाटेल सगळाच ढोंगीपणा होता. ते फोनवर बोलायचे नाहीत, कानाला त्रास व्हायचा. पत्र मात्र महिन्याला एक नक्की, कधी दोन. सूनबाई बिनसाखरेची बिस्किटं आणते म्हणून तक्रार. गुडघे. बायको गेल्यापासून चाल सुचली की ऐकवायला घरात कुणी नाही, हे एकदाच लिहिलं आणि पुढच्या पत्रात त्याबद्दल माफी मागितली. मी त्यांना कंपनीतलं लिहायचे. शिफ्ट, बस, कन्वेअरचा आवाज नेमक्या कुठल्या सुरात येतो ते. त्यांना भारी गंमत वाटायची. एकदा त्यांनी एका न वापरलेल्या चालीचा मुखडा सरगम लिहून पाठवला आणि म्हणाले, ‘अंतरा तू सुचव.’ मी! चाकणची तपासनीस बाई! मी चार दिवस जमिनीवर नव्हते.

ते मला ‘चि.’ लिहायचे. मी त्यांना ‘ती. स्व.’ लिहायला लागले. तीर्थस्वरूप, म्हणजे वडिलांच्या जागी असलेल्या माणसाला लिहितात ते. स्वतःचा बाप खाटेवर बसून मटार सोलतोय, आणि मी दुसऱ्याला बापाच्या जागी घालून पत्रं लिहितेय. त्यात काही खटकतंय असं तेव्हा मला वाटतही नव्हतं.

मग त्यांनी माझं वादन ऐकायला मागितलं. मी रेकॉर्ड करून त्यांच्या सहायकाच्या मोबाइलवर पाठवलं. त्यावर सहा पानांचं पत्र आलं. ‘सूर लागण्याआधी तू जो बारीक थबकतेस, तो थबका मी आयुष्यात ऐकलेला नाही. कोणत्या बोटावरून कोणत्या बोटावर जातेस?’ मी खरं लिहिलं, की अनामिका वापरत नाही, मला तसंच शिकवलंय. झालं! म्हातारा नुसता पेटला. गुरुजींनी हे मुद्दाम केलं असणार. एका बोटाचा त्याग करून सुराला श्वास दिला. ही हरवलेली शैली आहे. गुरुजी आणखी काय म्हणायचे? रियाज कसा घ्यायचे?

आणि मी लिहीत सुटले. उचलली जीभ लावली टाळ्याला. गुरुजी पहाटे शिकवायचे. गुरुजी पांढरं धोतर नेसायचे. गुरुजी म्हणायचे, ‘अनामिका अंगठी मिरवण्यासाठी असते, सुरासाठी नव्हे.’ पप्पांचं ते अंगठीचं बोलणं मी धुऊन, इस्त्री करून, गुरुजींच्या तोंडी घातलं. माणसाचं बोट मशीननं खाल्लं, आणि उरलेला त्याचा विनोद मी खाल्ला.

मग पुढचं पत्र आलं. चिंचवडला त्यांचा सत्कार ठरला होता. ‘त्या दिवशी दुपारी तुझ्या घरी चहाला येणार. गुरुजींची पेटी मला डोळ्यांनी बघायची आहे. आणि संध्याकाळी तू माझ्याबरोबर स्टेजवर वाजवायचंस.’

आमच्या कंपनीत बाहेरून ऑडिट येतं तेव्हा आम्ही काय करतो ते सांगते. पिवळे पट्टे नव्यानं रंगवतो. लाल क्रेट मागच्या शेडमध्ये ढकलतो आणि वर ताडपत्री टाकतो. जो कामगार खरं बोलेल असं वाटतं त्याला त्या दिवशी कँटीनकडे पाठवतो. साहेब येतात, बघतात, खूश होऊन जातात. इतकी वर्षं हे करून करून माझ्या अंगातच मुरलंय. पाहुणा येणार म्हटलं की मी आधी काय लपवायचं ते शोधते. घर पुसलं, पडदे धुतले. भिंतीवरची बुद्धांची चौकट काढायला हात वर गेला होता, तो मागे घेतला. एवढी तरी लाज होती. उरले पप्पा. वडील म्हणून ते घरात असायला काहीच हरकत नव्हती. अडचण फक्त हाताची होती. त्या माणसानं तो हात बघितला की एका क्षणात सगळं कळणार होतं.

म्हणून मला पप्पांना सांगावं लागलं. खाली मान घालून सगळं सांगितलं, पत्रं, गुरुजी, सगळं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘म्हंजे मी मेलो व्हय?’

‘गुरुजी मेले, पप्पा.’

‘कशानं मेलो?’

‘ते लिहिलं नाही.’

‘विचारलं तर हार्ट अटॅक सांग. झटक्यात. लोळत पडून मरायचं न्हाई मला.’ आणि हसायला लागले. मला ओरडले असते, एक थोबाडीत दिली असती, तर मी आजही त्यांची ऋणी राहिले असते. ते हसले. मग मी चाचरत म्हणाले, ‘पप्पा, हात...’ त्यांनी दांडीवरचा नॅपकिन ओढला, उजव्या हाताला गुंडाळला आणि मला दाखवला. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची. चहा करताना भाजलं म्हणून सांगतो.’

ते आले, सहायकाला घेऊन. पत्रातल्यापेक्षा लहानखुरे, आणि फार गोड माणूस. दारातच त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पप्पांना नमस्कार केला. पप्पांनी तो नॅपकिनचा गोळा डाव्या हाताला लावून नमस्कार केला. ‘अरे, काय झालं हाताला?’ ‘भाजलं साहेब, चहा करताना.’ ‘जपा हो, या वयात जखम लवकर भरत नाही.’ ‘व्हय,’ पप्पा म्हणाले.

मग ते पेटीपाशी गेले. खाली बसता येत नव्हतं म्हणून उभ्यानंच भात्यावरून हात फिरवला, डोळे मिटले. म्हणाले, ‘गुरुजींचा हात फिरलाय यावर.’ गुरुजी दोन हातांच्या अंतरावर खुर्चीत बसून पोह्यांची बशी डाव्या हातानं पुढे करत होते. संगीतकारांच्या सहायकानं त्या डाव्या हाताकडे बघून नाक मुरडलं, ते मी पाहिलं. आणि चहा ओतत राहिले.

संगीतकारांच्या आग्रहावरून मी वाजवायला बसले. घाबरून एका जागी घाई केली. पप्पांच्या तोंडून ‘अंहं’ निघून गेलं. इतकंच, पण निघालं. संगीतकारांनी वळून बघितलं. ‘तुम्हालाही कळतं का यातलं?’

‘न्हाई न्हाई साहेब. आमी कंपनीतली माणसं. कानावर पडतं रोज, एवढंच.’

‘बरोबर आहे,’ ते प्रेमानं म्हणाले, ‘घरात सूर असला की भिंतीही सुरेल होतात.’

भिंत! माझा बाप भिंत. आणि मी पुढचा सूर लावला.

संध्याकाळी नाट्यगृह गच्च भरलं होतं. पप्पांना मी मागच्या रांगांमधला पास दिला होता. पुढचा मिळत होता, पण नको म्हटलं, कुणी ओळखीचं भेटायला नको. ते एकटेच बसनं आले. इस्त्रीचा शर्ट घालून, नॅपकिन न बांधता. अंधारात कोण बघतंय?

फेटे झाले, शाली झाल्या, दोन शब्द झाले. मग संगीतकार माईकवर आले. स्वतःबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाले, ‘तुमच्या या गावात एक थोर माणूस होऊन गेला आणि तुम्हाला त्याचा पत्ता नाही.’ आणि त्यांनी गुरुजी सांगितले. पहाट सांगितली, धोतर सांगितलं, अंगठीचं ते वाक्य सांगितलं. काय सांगितलं हो! मी रचलेली माती, पण त्यांनी तिच्यात असा जीव ओतला, की क्षणभर मलाही गुरुजींच्या आठवणीनं भरून आलं. बायका डोळे टिपत होत्या. शेवटी म्हणाले, ‘माझा सत्कार नंतर. आधी आपण सगळे त्या अनाम गुरुजींसाठी एक मिनिट उभे राहू.’

मी स्टेजवर पेटीपाशी होते. सगळ्यांची नजर माझ्यावर. मी सगळ्यांच्या आधी उठले. मग खुर्च्यांचा धाडधाड आवाज झाला आणि अख्खं नाट्यगृह उभं राहिलं. दिवे लावले होते. मागून तिसऱ्या रांगेत पप्पा उभे होते, दोन्ही हात पोटाशी जुळवून, मान खाली घालून. स्वतःच्या श्रद्धांजलीला.

बोलायला एक अख्खं मिनिट होतं माझ्याकडे. माईक हाताच्या अंतरावर. ‘ते बघा, ते आहेत गुरुजी,’ एवढंच म्हणायचं होतं. मी मनात साठ आकडे मोजले. मग बसले आणि वाजवलं, आणि असं वाजवलं की लोक वेडे झाले. मलाही शाल मिळाली. येताना रिक्षात पप्पा म्हणाले, ‘चांगलं झालं. दुसऱ्या अंतऱ्याला भाता जरा कमी मारायचा.’ बाकी काही नाही. ती शाल मी घरी पोचायच्या आधीच रिक्षाच्या मागच्या फळीवर टाकून दिली.

त्या दिवसानंतर पप्पा पेटीवर बसले नाहीत. आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग एकदा मी म्हटलं, वाजवा की जरा. तर म्हणाले, ‘श्रद्धांजली झाल्यावर वाजवायचं म्हंजे भुताटकी.’ पुन्हा हसले. दुसऱ्यांदा मी विचारलं नाही.

दिवाळी अंकात संगीतकारांचा लेख आला. गुरुजींवर, आठ पानं. मला भेट म्हणून दोन प्रती आल्या. त्यानंतर सत्कार करणाऱ्या मंडळाचे तिघे घरी आले. गुरुजींच्या स्मरणार्थ दरवर्षी पेटीवादनाचा कार्यक्रम करायचा ठरलं होतं. फोटो पाहिजे होता, हार घालायला. मी सांगितलं, फोटो नाही. त्यांना पाणी पप्पांनी दिलं, डाव्या हातानं, उजवा लेंग्याच्या खिशात. एकानं सहज विचारलं, ‘काका, तुम्ही बघितलं होतं का गुरुजींना?’

‘व्हय,’ पप्पा म्हणाले, ‘लांबनं.’

‘कसे होते?’

पप्पांनी थोडा विचार केला. ‘बरे होते,’ म्हणाले.

ती माणसं गेली आणि मी मोरीत जाऊन ओकले. खरोखर ओकले. मग तोंड धुऊन पत्र लिहायला बसले. चार पानं. बोट, मशीन, काडी खोचलेलं बटण, भीमगीतं, कागदी कप, नॅपकिन. काही म्हणजे काही ठेवलं नाही. शेवटी लिहिलं, ‘मी तुम्हाला फसवलं. तुम्ही मला हवं ते बोला. पण ज्या स्टेजवरून तुम्ही त्यांना श्रद्धांजली वाहिलीत, तिथून एकदा म्हणा की तो माणूस जिवंत आहे आणि तो प्रेसशॉपमध्ये होता. ते पुन्हा पेटीला हात लावतील.’

मला वाटलं होतं ते चिडतील. मला वाटलं होतं ते रडतील, गाडी काढून येतील, पप्पांचा हात हातात घेतील. इतक्या वर्षांच्या पत्रांवरून मला तो माणूस कळलाय असं वाटत होतं. आठ दिवसांत उत्तर आलं. निळी शाई, तेच देखणं अक्षर.

‘चि. मुलीस आशीर्वाद. तुझी तगमग समजली. मी रागावलो नाही. पण हे तू आता आणखी कुणाला सांगू नयेस असं मला वाटतं. लेख छापून आला आहे. लोकांची पत्रं येत आहेत. दोघे तरुण तर गुरुजींच्या शैलीवर अभ्यास करायचा म्हणत आहेत. यंत्राखाली बोट गेलं म्हणून सूर असा लागतो, हे कळलं तर त्या थबक्यातलं सौंदर्य उणावेल. कलेला थोडं गूढ लागतं. तुझे वडील मला फार समंजस वाटले. ते समजून घेतील. त्यांना माझा नमस्कार सांग.’

उणावेल म्हणे! ज्या जागेवर हा माणूस डोळे मिटून डोलत होता, ती जागा माझ्या बापाच्या रक्तातून आली. पट्टी बांधलेल्या हातानं महिनोन्‌महिने धडपडून त्यांनी ती कमावली. तेव्हा ती सुंदर नव्हती का? धोतरवाल्याच्या लहरीनं बोट बाजूला ठेवलं तर ती शैली, आणि मशीननं ओढून नेलं तर ते काय, अपघात विभागाचं काम? आणि शहाणी मी कोणाला शिव्या घालतेय? हे गुरुजी त्यांना विकले कुणी? मीच ना? आता गिऱ्हाईक परत द्यायला तयार नाही, एवढंच. त्यांची सगळी पत्रं मी बोहारीणसुद्धा घेणार नाही अशा एका फाटक्या पिशवीत कोंबली आणि माळ्यावर फेकली. त्यानंतर त्यांना लिहिलं नाही. त्यांची आणखी दोन आली. फोडली नाहीत.

पण ते उत्तर मी त्याच संध्याकाळी पप्पांना वाचून दाखवलं होतं. ते शेंगा फोडत बसले होते. ऐकताना फोडायचे थांबले नाहीत. ‘नमस्कार सांग’ आलं तेव्हा मान हलवली, पोचला म्हणून.

मी म्हटलं, ‘पप्पा, त्यांचं गेलं उडत. रविवारी मंडळाची बैठक आहे. तुम्ही माझ्याबरोबर चला. मी सगळ्यांसमोर सांगते. हात दाखवा, पेटी वाजवून दाखवा.’

‘नको.’

‘का नको? माझी अब्रू जाईल म्हणून? जाऊ दे. जायलाच पाहिजे.’

‘तुझ्या अब्रूचं कोण बोलतंय?’ त्यांनी टरफलं एका बाजूला केली. मग बोलले ते माझ्याकडे न बघता. ‘त्या दिवशी मी डोळं मिटलं न्हवतं. सगळीकडं बघत होतो. माझ्या शेजारी एक म्हातारा होता, चांगला घरंदाज. गुडघं धरून धरून उठला, काठी घेऊन. सोन्याच्या बांगड्यांवाली बाई डोळं पुसत होती. पोरंसोरं उभी, स्टेजवरचं साहेब लोक उभं. एवढी माणसं माझ्यासाठी कधी उठली न्हाईत, बाळ. पार्टीत वाजवायचो तवा न्हाई, बोट गेलं तवा न्हाई, रिटायर झालो तवाबी न्हाई. राहू दे गुरुजी मेलेला. जित्ता झाला तर बसतील सगळी खाली.’

‘नाही बसणार, पप्पा,’ असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण ते मलाच खरं वाटेना, म्हणून म्हटलं नाही.